गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण घरीच बदलता येतं का? (इंदूर)

मल्हारगंजवाला (शनिवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, हसू नका. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमपी-०९ पासिंग, बाकी गाडी छान चालते. टाकीचं झाकण पूर्वी घट्ट झालं की टक टक वाजायचं ते आता नुसतंच फिरत राहतं, आणि झाकण लटकवून ठेवणारी ती प्लास्टिकची दोरी पण तुटली आहे त्यामुळे पंपावरचा मुलगा झाकण कधी मशीनवर ठेवतो कधी गाडीच्या टपावर. आता ऊन तापायला लागल्यापासून गाडी दुपारी अंगणात उभी राहिली की मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास येतो. सर्विस सेंटरवाल्याला फोन केला तर म्हणे गाडी आणून सोडा, पूर्ण फ्युअल सिस्टिम चेक करावी लागेल, संध्याकाळी घेऊन जा.

मला वाटतं झाकणच तर आहे, घरी का बदलू नये? पण १) ओरिजिनलच घ्यावं की छोटी ग्वालटोलीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत जे मिळतं ते चालतं, २) किल्लीवालं लावावं का, ३) बदलताना काही धोका असतो का. घरून आदेश आहे की आधी वास बंद करा, अभ्यास नंतर करा.

पोहेजलेबी

भिया, डावीकडे फिरवा, काढा. नवीन ठेवा, उजवीकडे फिरवा. झालं. एवढ्यासाठी धागा?

सुदामानगरची_सून

@पोहेजलेबी, प्रश्न कुठलं घ्यायचं हा आहे, कसं फिरवायचं हा नाही. पूर्ण वाचत जा हो.

खातीवाला_टँक

टाकीचा विषय निघाला आणि खातीवाला टँकचा माणूस आला नाही असं कसं चालेल.

घरी बदलता येतं, शंभर टक्के. पाना लागत नाही की जॅक लागत नाही. ती दोरी फ्लॅपच्या (झाकणावरच्या बाहेरच्या छोट्या दाराच्या) आत बिजागरीपाशी एका प्लास्टिकच्या खुंटीने अडकवलेली असते, खुंटी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचकटली की निघते. तुमची दोरी तुटली असली तरी तिचं मूळ तिथेच भोकात बसलेलं असणार, ते आधी काढा नाहीतर नवीन खुंटी बसणार नाही आणि तुम्ही जोर लावून तीही तोडाल. नव्या झाकणाबरोबर दोरी येते का ते दुकानातच बघून घ्या, बऱ्याच स्वस्त झाकणांना नसते.

जुनं काढल्यावर लगेच नवीन ठोकू नका. नळीच्या तोंडाची कड बघा, जिथे झाकणाचं रबर टेकतं ती. गंज चढला असेल, कड कुठे दबलेली असेल, तर झाकण सोन्याचं लावा तरी वास येणारच. सुक्या स्वच्छ कपड्याने कड पुसा. पाणी नको, साबण नको, आणि धागे सुटणारं फडकं तर मुळीच नको. मग झाकण सरळ ठेवून आधी किंचित उलटं फिरवा, आटे बसल्याचं हाताला कळतं, आणि मग सुलटं. तिरपं बसलं की आटे जातात, प्लास्टिकचे असतात ते.

कसबा_पेठ

पेट्रोलचा वास येतोय आणि लोक घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला सांगतायत. इंदूरचं काय सांगावं. सर्विस सेंटर कशासाठी असतं?

पोहेजलेबी

@कसबा_पेठ दुपारी एक ते चार बंद नसतं ते सर्विस सेंटर म्हणून इंदूरचं म्हणतात.

कोयलीकर (बडोदा)

मी बडोद्याचा, कोयलीच्या रिफायनरीत नोकरी केली, आता निवृत्त. झाकण या विषयावर मला कोणी विचारत नाही, म्हणून ही संधी सोडत नाही. लांबेल, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

लोकांना वाटतं झाकण म्हणजे बूच. बाटलीचं बूच असतं तसं. ते तसं नाही. गाडी चालते तसं टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं, त्याची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. नाही आली तर टाकीत निर्वात तयार होतो, गाडीतल्या फ्युअल पंपाला पेट्रोल ओढणं जड जातं, आणि फारच झालं तर पातळ पत्र्याची टाकी आत दबू शकते. उलट गाडी उन्हात उभी राहिली की पेट्रोलची वाफ होते, दाब वाढतो, तो मर्यादेबाहेर गेला तर बाहेर पडायला वाट हवी. म्हणून झाकणाच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले दोन छोटे वाल्व असतात, एक आत हवा घेणारा, एक दाब सोडणारा. बहुतेक वेळ दोन्ही बंदच असतात. कुकरच्या झाकणात रिंग वेगळी आणि शिटी वेगळी असते ना, तसं इथे कडेचं रबर वेगळं काम करतं आणि मधला वाल्व वेगळं.

आमच्याकडे मोठ्या टाक्यांना हेच तत्त्व. दिवसा टाकी तापली की वाफ बाहेर टाकते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत ओढते, याला आम्ही टाकीचा श्वास म्हणायचो. त्यात माल उडून जातो म्हणून पेट्रोलच्या मोठ्या टाक्यांचं छप्परच तरंगतं ठेवतात, पेट्रोलच्या पातळीबरोबर वर खाली होतं, मध्ये वाफेला जागाच उरत नाही. गाडीत तरंगतं छप्पर बसवता येत नाही म्हणून दुसरा उपाय आहे, कार्बन कॅनिस्टर. कोळशाच्या दाण्यांनी भरलेला डबा. टाकीतली वाफ नळीने तिथे जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि इंजिन चालू झालं की पर्ज वाल्व उघडून ती वाफ इंजिनात जाळली जाते. आपल्याकडे नवीन मॉडेल मंजूर करताना पूर्ण गाडी बंद खोलीत ठेवून किती वाफ सुटते ते मोजतात, मर्यादा एका चाचणीला २ ग्रॅमची आहे. २ ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा पेट्रोल नाही.

तेव्हा मल्हारगंजवाले, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: कंपनीचं नसलं तरी चालेल, पण वाल्ववालं आणि तुमच्याच मॉडेलचं असलं पाहिजे. बसतं म्हणून चालतं असं समजू नका.

तानसेननगर (ग्वाल्हेर)

कोयलीकर काका _/\_ सेव्ह करून ठेवली पोस्ट.

एक शंका. आमच्याकडे ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. हे नॉर्मल की झाकण खराब?

कोयलीकर

@तानसेननगर थोडा फुस्स नॉर्मल आहे, उलट झाकण धरून ठेवतंय याचा पुरावा. पण झाकण उघडायला जोर लागतो, आत ओढल्यासारखं वाटतं आणि मोठा सुस्कारा टाकून उघडतं, असं नेहमी होत असेल तर हवा आत येणारा रस्ता बंद आहे. झाकणाचा वाल्व चिकटला असेल किंवा कॅनिस्टरकडची नळी बुजली असेल. उन्हाळ्यात मात्र झाकण एकदम उघडू नका, थोडं सैल करा, आवाज थांबू द्या, मग पूर्ण.

रात्रीचा_सराफा

हे बाइकला तर नेहमी होतं. झाकणातलं बारीक भोक धुळीने बुजतं, विशेषतः गाडी धुतल्यावर, मग चालता चालता गाडी बंद. लोक प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात. माझ्या मामाच्या जुन्या बाइकचं तेच व्हायचं, राऊच्या पुढे गेली की बंद, तो काय करायचा, झाकण उघडून परत लावायचा आणि किक मारली की चालू. मामाला वाटायचं गाडीला जरा मोकळा वारा हवा असतो :D

पोहेजलेबी

मामा बरोबरच होता की.

न्यूजर्सीत_इंदूरकर

इकडचा अनुभव. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टू (गाडीने स्वतःचे बिघाड शोधायची यंत्रणा) सक्तीचं आहे आणि गाडी स्वतःच्या टाकीचा लीकेज स्वतः तपासते. झाकण नीट लागलं नाही की एक-दोन दिवसांनी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. बिघाडाचा कोड बहुतेक पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, किंवा पी ०४५७, जो सरळ झाकणाकडेच बोट दाखवतो. नवीन आलेले लोक दिवा बघून घाबरतात, इंजिन गेलं वगैरे, आणि जाणकार आधी विचारतो झाकण बघितलं का. झाकण घट्ट केल्यावरही दिवा लगेच जात नाही, गाडीने आपल्या तपासण्या परत पूर्ण कराव्या लागतात, त्याला काही दिवसांचं चालवणं लागतं. इकडे सगळे झाकण घरीच बदलतात, पार्ट्सच्या दुकानातून आणायचं आणि दुकानाच्या पार्किंगमध्येच लावायचं. त्यासाठी गाडी सोडून ये म्हटलं तर लोक हसतील.

मल्हारगंजवाले, तुमचा दिवा लागलाय का?

मल्हारगंजवाला (शनिवार, दुपारी १:३५)

नाही, दिवा काही लागला नाही. म्हणूनच तर शंका, झाकण खराब असतं तर लागला असता ना?

खातीवाला_टँक

नाही ना. आपल्याकडचे नियम युरोपच्या धर्तीचे आहेत, तिथे गाडीने टाकीचा लीकेज तपासलाच पाहिजे अशी सक्ती अमेरिकेसारखी नाही. त्यामुळे आपल्या बऱ्याच गाड्यांत झाकण सैल काय, नसलं तरी दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. तुमच्याकडे नाक आहे, तेच सेन्सर.

सियागंज_सेठ

मी तर म्हणतो इतका विचार कशाला. माझ्या ओम्नीचं झाकण पंपावर राहून गेलं होतं, दुधाची जाड पिशवी घडी करून रबर बँडने बांधली, उज्जैनला जाऊन आलो, महाकालचं दर्शन झालं, काही नाही झालं.

सुदामानगरची_सून

दर्शन झालं म्हणूनच काही नाही झालं.

कोयलीकर

@सियागंज_सेठ रागावू नका पण हे वाचून पुढचा करेल म्हणून लिहितो. पिशवी पेट्रोलच्या वाफेने मऊ पडते, रबर बँड त्याच्या आधी. कपडा कोंबला तर आणखी वाईट, तो पेट्रोल शोषून वातीसारखा बाहेर येतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंश तापमानालासुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवेत ती पेटायला तयारच असते. आणि वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, उताराकडे सरकते. बंद गॅरेजमध्ये इन्व्हर्टर नाहीतर गीझर असेल तर ठिणगी गाडीपासून लांब असून उपयोग नाही. झाकण हरवलं तर त्याच दिवशी साधं का होईना झाकण विकत घेऊन लावा.

सियागंज_सेठ

बरं काका. पण ओम्नी अजून आहे हो, नवीन किल्लीवालं झाकण लावून.

इलेक्ट्रिक_पलासिया

आमच्याकडे झाकणच नाही. टाकीच नाही. वासच नाही. 😎

पोहेजलेबी

चार्जिंगच्या भोकावर काय आहे मग, पदर?

इलेक्ट्रिक_पलासिया

...आहे झाकण. दोरी पण आहे. तुटली आहे.

तानसेननगर

😂😂 धागा इथेच संपला.

अन्नपूर्णा_रोड

संपला कुठे, मूळ माणसाला अजून सांगितलंच नाही कुठलं आणायचं. माझं स्पेअर पार्ट्सचं काउंटर होतं पूर्वी त्यामुळे सांगतो.

झाकणं साधारण दोन जातीची. एक आट्याचं, दोन-तीन वेढे फिरतं. दुसरं पाव वेढ्याचं, खाचेत घालून थोडं वळवलं की अडकतं. दिसायला वरून सारखी, आतून वेगळी. त्यात व्यास वेगळा, आट्यांचं अंतर वेगळं, मधल्या दांड्याची लांबी वेगळी. एकाच कंपनीच्या पेट्रोल आणि डिझेल मॉडेलला पण वेगळं झाकण असू शकतं, वाल्वची सेटिंग वेगळी असते. म्हणून दुकानात जाताना जुनं झाकण खिशात आणि आरसी मोबाइलमध्ये. चेसिस नंबरवरून डीलर बरोबर पार्ट नंबर काढून देतो, तो नंबर घेऊन मग ग्वालटोलीत विचारा, तिथे तोच पार्ट बॉक्ससकट मिळतो किंवा चांगल्या ब्रँडचं मिळतं. साठ-सत्तर रुपयांचं जे खोक्यात सुटं पडलेलं असतं ना, त्याला उलटं करून बघा, आत वाल्व नसतोच, एक भोक असतं किंवा तेही नसतं. भोकवालं लावलं तर वास येणार, बिनभोकाचं लावलं तर टाकी कोंडणार.

टक टक वाजणारं झाकण म्हणजे रॅचेटवालं. ते ठरावीक जोरानंतर घसरतं, मुद्दाम तसं बनवलेलं, म्हणजे पंपावरचा पहिलवान ते जास्त आवळू शकत नाही. तुमचं आता टक न वाजता नुसतं फिरतंय म्हणजे आतलं रॅचेट झिजलं, रबरावर दाब येतच नाही. याला रिपेअर नाही. नुसतं रबर कडक झालं असतं तर रबर बदलून भागलं असतं.

सुदामानगरची_सून

नुसतं रबर मिळतं? आमच्या गाडीचं झाकण वाजतं नीट पण रबराला बारीक चिरा पडल्या आहेत.

अन्नपूर्णा_रोड

@सुदामानगरची_सून काही झाकणांना मिळतं, पण ते पेट्रोलला टिकणारं नायट्राइल किंवा व्हायटॉनचं पाहिजे. नळाचं वॉशर किंवा सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लावू नका, साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, आठवड्यात झाकण बसेनासं होईल. आणि आता सगळीकडे ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर पार्ट ते धरून बनवलेत, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांचे नाहीत. त्यामुळे जुन्या गाडीला रबर घेताना दुकानदाराला ई-२० ला चालणारं म्हणून विचारून घ्या.

रात्रीचा_सराफा

ई-२० वर वेगळा धागा काढा प्लीज, इथे सुरू झालं तर ३०० प्रतिसाद होतील आणि मल्हारगंजवाल्यांचं झाकण तसंच राहील.

तानसेननगर

पण झाकणाचा आणि इथेनॉलचा संबंध आहे ना? इथेनॉल पाणी ओढतं, झाकण सैल असेल तर पावसाळ्यात दमट हवा आत.

कोयलीकर

संबंध आहे, बरोबर बोललात. जास्त पाणी झालं तर इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाला बसतं. दमट हवेने लगेच तसं होणार नाही, पण फ्लॅपच्या आतल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचत असेल आणि झाकण गळकं असेल तर पाणी थेट टाकीत. त्या खड्ड्याला खाली निचऱ्याचं एक छोटं भोक असतं, ते मातीने बुजतं. झाकण बदलायला उघडलंच आहे तर तेही साफ करून टाका. बाकी ई-२० दुसरीकडे.

कसबा_पेठ

रबराला व्हॅसलीन लावलं की मऊ राहतं. आमचे वडील लावायचे.

अन्नपूर्णा_रोड

नको. धूळ चिकटते, मग तीच धूळ रबर आणि कड दोन्ही खाते. कोरडंच ठेवा.

विजयनगर_७४

किल्लीवाल्या झाकणाबद्दल कोणीच बोललं नाही. फ्लॅप आतून लिव्हरने उघडणारा असेल तर किल्लीवालं लावायची काही गरज नाही, पंपावर खाली उतरा, किल्ली द्या, रांगेतले हॉर्न मारतात. ज्या गाड्यांना फ्लॅपला लॉक नाही, रात्री रस्त्यावर उभी राहते, त्यांनी लावावं. आमच्या जुन्या घरासमोर गल्लीत गाड्या लावायचो तेव्हा पेट्रोल काढून न्यायचे लोक, तिथे उपयोग झाला. पण स्वस्त किल्लीवाल्यात वाल्व नसण्याची शक्यता जास्त, आणि त्यात धूळ गेली की किल्ली फिरत नाही. किल्ली अडकली पंपावर तर मागचे लोक जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सियागंज_सेठ

लिहा लिहा.

सुदामानगरची_सून

नका लिहू.

न्यूजर्सीत_इंदूरकर

फोर्डच्या काही गाड्यांत झाकणच नसतं, नोझल घातलं की आतली पाकळी बाजूला होते, काढलं की बंद. भारतातही होत्या अशा काही. अवांतर म्हणजे पेट्रोलच्या काट्याशेजारी जो छोटा बाण असतो, टाकीचं तोंड कुठल्या बाजूला ते दाखवणारा, तोही फोर्डचाच. जिम मॉयलन नावाचा माणूस १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेला, चुकीच्या बाजूला लावली, पावसात भिजला, ऑफिसमध्ये येऊन ओल्या कपड्यांवरच त्याने सूचना टाइप केली. १९८९च्या मॉडेलपासून बाण आला.

पोहेजलेबी

माझ्या गाडीत असा बाण आहे??? थांबा बघून येतो.

पोहेजलेबी

आहे. इतकी वर्षं आरशात बघून शोधायचो.

सुदामानगरची_सून

आणि मल्हारगंजवाल्यांना म्हणे एवढ्यासाठी धागा.

छावणी_सीएनजी

ज्यांची सीएनजी गाडी आहे त्यांनी पण बघा. आम्ही अवंतिका गॅसच्या सीएनजी पंपावर रांगेत उभे राहतो, पेट्रोलकडे महिनोन्महिने बघत नाही. टाकीत तेच पेट्रोल, झाकण गळकं असेल तर हलका भाग उडून जातो आणि मग सकाळी पेट्रोलवर स्टार्ट घेताना गाडी कुरकुर करते. शिवाय काही गाड्यांत एकाच फ्लॅपखाली सीएनजीचं नोझल आणि पेट्रोलचं झाकण असतं, जागा इतकी अडचणीची की दोरी तुटतेच.

विजयनगर_७४

सैल झाकणाने मायलेज पडतं का नक्की? काका सांगा. माझा भाऊ शपथेवर सांगतो की झाकण बदललं आणि लिटरला २ किलोमीटर वाढले.

कोयलीकर

भावाच्या शपथेत मी कशाला पडू. उडून जाणारं पेट्रोल खरं असतं, उन्हात गाडी उभी राहिली तर जास्त, पण लिटरला २ किलोमीटर फरक पडायला टाकी चहाच्या पातेल्याइतकी उघडी पाहिजे. त्याच सुमारास टायरमध्ये हवा भरली होती का ते विचारा.

विजयनगर_७४

सर्विसिंग झाली होती म्हणे.

मल्हारगंजवाला (रविवार, सकाळी ११:२०)

सगळ्यांना धन्यवाद. डीलरकडून पार्ट नंबर घेतलाय, उद्या ग्वालटोलीत जातो. आज टाकी फुल करून ठेवू का म्हणजे आत वाफ कमी असेल?

कोयलीकर

उलट. टाकी अर्ध्यावर असताना बदला, फुल केल्या केल्या नको. आणि एकूणच, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, राउंड फिगरसाठी वरून आणखी ओतू द्यायचं नाही. टाकीत वर मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते, ती भरली की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि तिथला कोळसा खराब होतो. मग झाकण नवं असूनही वास येतो आणि कॅनिस्टरची किंमत ऐकून माणूस झाकणाला विसरतो.

तानसेननगर

पण ते व्हॉट्सॲपवर दर उन्हाळ्यात येतं ना, टाकी फुल केली तर स्फोट होतो, अर्धीच भरा म्हणून?

कोयलीकर

ते खोटं आहे, इंडियन ऑइलने स्वतः खुलासा केला होता की कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत कुठल्याही ऋतूत भरा. मी म्हणतोय ते मर्यादेच्या वर ओतण्याबद्दल.

बाकी बदलताना इंजिन बंद, गाडी मोकळ्या हवेत आणि शक्यतो सावलीत, सकाळच्या वेळी. बिडी-सिगरेट, उदबत्ती, वरांड्यातला देवघराचा दिवा, सगळं लांब. झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. जुनं काढून मग नवं शोधत बसू नका, नवं हातात घेऊनच जुनं काढा.

अन्नपूर्णा_रोड

आणि दुकानात पैसे द्यायच्या आधी जुनं-नवं तळहातावर शेजारी शेजारी ठेवून बघा. रबराचा व्यास, आटे, दांडा. दुकानदार म्हणेल सब गाडी में लगता है. त्याचं ऐकून घ्या आणि दुसऱ्या दुकानात जा.

मल्हारगंजवाला (सोमवार, संध्याकाळी ७:४५)

झालं. पार्ट नंबर जुळणारं बॉक्समधलं मिळालं, दोरीसकट. पहिल्या दुकानात खरंच "सब में लगता है" ऐकवलं :) खुंटीचं मूळ भोकात होतं, खातीवाला टँक यांनी सांगितलं तसंच, पक्कडीच्या टोकाने निघालं. निचऱ्याचं भोक पूर्ण बुजलेलं होतं, सुतळीने साफ केलं. कड ठीक आहे, गंज नाही. दुपारभर गाडी उन्हात ठेवली, वास नाही. झाकण टक टक वाजतं, मुलगी तीनदा उघडून लावून आली.

आता जुनं झाकण कचऱ्याच्या गाडीत कुठल्या डब्यात टाकायचं? पेट्रोलचा वास मारतंय. प्लास्टिकमध्ये दिलं तर ताई परत करतील.

सुदामानगरची_सून

इंदूरमध्ये खरा अवघड प्रश्न हा आहे. सहा डब्यांपैकी घरगुती घातक कचऱ्याचा जो असतो त्यात द्या. आधी एक-दोन दिवस बाहेर सावलीत उघडं ठेवा, वास गेला तर प्लास्टिकमध्येही घेतील, पण विचारून द्या.

सियागंज_सेठ

टाकू नका, मला द्या, ओम्नीला चालेल.

कोयलीकर

नाही चालणार!!

सियागंज_सेठ

गंमत केली काका.

छावणी_सीएनजी

उशिरा विचारतोय, डिझेल गाडीला हे सगळं लागू आहे का? मेव्हण्याची डिझेल आहे, झाकण तुटलंय, तो म्हणतो डिझेल उडत नाही, काही फरक नाही पडत.

अन्नपूर्णा_रोड

डिझेलची वाफ खूप कमी, म्हणून वास आणि आगीचा धोका पेट्रोलइतका नाही, कोळशाचा डबाही नसतो. पण हवा आत यायला वाट लागतेच, म्हणून झाकण डिझेल मॉडेलचंच घ्या. आणि डिझेलमध्ये धूळ आणि पाणी जाणं जास्त महाग पडतं, इंजेक्टर फार बारीक असतात. मेव्हण्याला सांगा पावसाच्या आधी लावून घे.

छावणी_सीएनजी

सांगतो. ऐकणार नाही, पण सांगतो.